दादाच्या मापाचा कोट

वकीलसाहेब दोन्ही हात पसरून आरशासमोर उभे होते. अंगावर अर्धवट शिवलेला काळा कोट, काखेत टाचण्या. तो त्यांच्या मागे गुडघ्यावर बसून पाठीच्या शिवणीवर खडूनं खूण करत होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही हा बाबांचा नियम. बाबा जाऊन किती वर्षं झाली, तरी दुकानात अजून त्यांचंच राज्य. पण फोन काही थांबेना. शेवटी त्यानं टाचण्या तळहातावर काढल्या आणि फोन कानाला लावला. पलीकडे तरुण, अदबीचा आवाज होता, कुठल्याशा लष्करी कार्यालयातल्या अधिकाऱ्याचा. त्यानं आधी हुद्दा उच्चारला, मग दादाचं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव, सगळं एका दमात. दादाचं नाव असं अख्खं कुणी घेतल्याला जमाना लोटला होता. घरात तो नुसता दादा. "तुमचे धाकटे बंधू ना?" अधिकाऱ्यानं विचारलं. "नाही," तो म्हणाला, "थोरले." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "माफ करा हं साहेब. इथं वय तेवीस आहे, आणि तुमचा आवाज... म्हणून मला वाटलं. माफ करा."

मग अधिकारी बरंच काही बोलला. युद्धाच्या त्या हिवाळ्यात डोंगरांपलीकडे रसद घेऊन निघालेलं आणि परत न आलेलं दादाचं विमान सापडलं होतं. यंदा बर्फ फार वितळलं, गिर्यारोहकांना आधी शेपटी दिसली, मग सैन्याची माणसं वर गेली. गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली, त्यात शंका नाही. पुढच्या आठवड्यात शहरात आणणार, मानवंदना देणार. "शरीर बरंचसं जसंच्या तसं आहे," अधिकारी आवाज खाली आणून म्हणाला, "बर्फात राहिलं ना. गणवेश आम्ही घालूच, पण घरच्यांना आपलं म्हणून काही अंगावर घालायला द्यायचं असेल तर जरूर द्या." आणि यावर त्याच्या तोंडून काय निघावं? "माप काय?" जन्मभराची सवय, दुसरं काय. अधिकारी गांगरला. "माप असं... बारीक आहेत. पोरसवदाच म्हणा ना." तो बरं म्हणाला, आभार मानले, फोन ठेवला. आरशात वकीलसाहेब तसेच उभे होते. "अहो, हात खाली घेऊ का मी? की काचेत मांडून ठेवणार मला?" त्यानं हसल्यासारखं केलं, पुन्हा गुडघ्यावर बसला, आणि खडूची रेघ जिथं जायला नको तिथं गेली. बोटानं पुसली तर पांढरा डाग आणखी पसरला. "राहू द्या आज," तो म्हणाला. "उद्या या."

धाकटे बंधू. वकील गेल्यावर तो कापायच्या टेबलाशी बसून राहिला आणि हेच दोन शब्द डोक्यात घुटमळत राहिले. बातमीचं नंतर बघू, ती केवढी तरी मोठी होती, तिला आत यायला जागाच होत नव्हती. हे दोन शब्द मात्र सुईसारखे सरळ आत गेले. तो साठीचा. गुडघे बोलतात, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, आणि तरी गल्लीत, नात्यात, घरात तो बारक्या. आईनं ठेवलेलं नाव. बायकोसुद्धा चिडली की म्हणते, "एवढे घोडे झालात, तरी बारक्याच राहिलात!" थोरला कुणीतरी आहे, म्हणून हा धाकटा. तो थोरला आहे कुठं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण आहे, एवढं नक्की होतं, कारण घरात 'गेला' हा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही. सरकारनं 'बेपत्ता' म्हटलं आणि आईनं तो शब्द पदरात बांधून ठेवला. बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. पत्ता नाही म्हणजे माणूस नाही असं थोडंच? माणसं कुठं कुठं अडकतात, कैदेत पडतात, डोक्याला मार बसून स्वतःचं नाव विसरतात. आई हे वाद घालून बोलायची नाही. भाजी निवडता निवडता बोलायची, आणि तिच्यासमोर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

आणि तो कोट. आता त्या कोटाकडे यायलाच हवं, तो टाळून चालणार नव्हतं. दादा शेवटच्या सुट्टीवर आला होता तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी करड्या लोकरी कापडाचा कोट बेतला. गणवेश उतरवल्यावर माणसासारखं दिसायला काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. कोट पुरा झाला तेव्हा दादा परत गेला होता, आणि थोड्याच दिवसांत तो बेपत्ता असल्याची तार आली. पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडाला आईनं कपाटातून कोट काढला, ऊन दिलं, आणि बाबांना म्हणाली, "वर्ष झालं. पोर अंगानं भरलं असेल. आला आणि तंग झाला तर?" बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग मुकाट्यानं शिवण उसवली आणि थोडी बाहेर घेऊन पुन्हा घातली. तेव्हापासून दर थंडीला हेच. बाबांनी शिवणीच्या आत सढळ हातानं माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली होती, ती पुरली बरीच वर्षं. संपली तेव्हा जपून ठेवलेल्या त्याच कापडाच्या पट्ट्या दोन्ही बगलांना घातल्या. पण वाढवायचं म्हणजे कुणाच्या अंगावर बघून? "बारक्याला उभा करा," आई म्हणाली. "दोघांची चण एकच आहे." आधी बारा-तेरा वर्षांचं पोरगं म्हणून नुसता अंदाज घ्यायचे, पुढे तो दादाच्या वयाला पोचला, मग ते वय ओलांडून गेला, आणि कोट त्याच्या अंगावर वाढत राहिला. आई दोन बोटं कमरेत घालून बघायची. "दादाचं पोट सुटलं बघ," असं म्हणून त्याच्या पोटावर थापटी मारायची आणि खुदकन हसायची. लग्नानंतर बायको हे पाहून आधी थक्क झाली, मग सरावली. "पोट तुमचं नाहीच, मोठ्या भाऊजींचं," ती म्हणायची. "आता भात कमी करा म्हणायची सोयसुद्धा उरली नाही मला!" ते दोघं हसायचे, हसण्यासारखंच होतं ते. कोट मात्र त्याला कधी घालायला मिळाला नाही. एकदा थंडी कडाक्याची होती, त्याचा स्वतःचा कोट फाटलेला, तो सहज म्हणाला, हाच घालून जाऊ का आजच्या दिवस? आई अशी बघत राहिली की त्यानं पुन्हा त्या कपाटाला हात लावला नाही.

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. ती पोळी लाटत होती, लाटणं तसंच हातात राहिलं. तिनं दिराला कधी पाहिलं नव्हतं, भिंतीवरचा फोटो तेवढा, पण तिचे डोळे भरून आले. मग तिनं नाक ओढलं आणि नेमका तोच प्रश्न विचारला जो तो दुपारपासून चुकवत होता. "आईंना कोण सांगणार?" ती पुन्हा लाटायला लागली. "सांगावं तर लागेलच. मानवंदना म्हणजे बँड वाजणार, माणसं येणार, पेपरात येणार." तो म्हणाला, "सांगितलं तर ती राहील का?" नव्वदी उलटली होती तिची. डोळे गेलेच होते, खिडकीपाशी उजेडाचा नुसता धूसर चौकोन दिसायचा. हाडांचा सापळा. डॉक्टर आले की म्हणायचे, हे शरीर कशावर चाललंय मला कळत नाही. त्याला कळत होतं. वाट बघण्यावर चाललं होतं. तेवढा एक दोरा ओढला की सगळी शिवण एका झटक्यात उसवेल, आणि तो ओढायचा कुणी, तर त्यानं. दादाला आणायचं आणि त्यापायी आईला घालवायचं. बायको म्हणाली, "नाही सांगितलं आणि त्यांना बाहेरून कळलं तर? तुमचं तोंड बघतील का त्या?" पोळी तव्यावर करपली आणि तिचा वास घरभर झाला. आतून आई म्हणाली, "काय ग, लक्ष कुठंय?"

सकाळी तो तिच्याजवळ गेला. ती खिडकीशी खुर्चीत होती, शाल गळ्यापर्यंत. "कोट नेतो दुकानात," तो म्हणाला. "आत्ता? थंडीला अवकाश आहे अजून," ती म्हणाली. "कामं साठलीत, नंतर वेळ व्हायचा नाही." खोटं बोलताना त्याची मान खाली गेली, जणू तिला दिसणार होतं. ती जरा वेळ बोटांनी शालीची दशी कुरवाळत राहिली. "बरं, ने. यंदा थोडा आत घे मात्र. सत्तरी गाठली आता त्यानं. या वयात माणूस आकसायला लागतो. तुझे बाबा नाही का आकसले?" म्हणजे तिच्या मनात दादाचे केसही पांढरे झाले होते, त्यानं काठी घेतली होती, दाढा पाडल्या होत्या. ती त्याला वर्षावर्षानं म्हातारा करत आली होती, तोंडात घास भरवावा तसं एकेक वर्ष भरवत. त्यानं कोट घडी करून काखेत मारला. जिन्यात एकाएकी त्याला इतकी चीड आली की कठडा धरून उभं राहावं लागलं. चीड कुणाची, हे त्याला धड सांगता आलं नसतं.

दुकानाचं शटर त्यानं अर्धं ओढून घेतलं आणि कोट टेबलावर उलटा पसरला. दादाचं माप कुणापाशीच नव्हतं. बाबांनी ते कधी लिहून ठेवलं नाही. घरच्या माणसाचं माप काय लिहायचं, ते हातात असतं, असं म्हणायचे. पण कापड विसरत नाही. आत बगलेला सुईच्या भोकांच्या ओळीच्या ओळी होत्या, बादलीतलं पाणी उतरत गेल्यावर आत रेषा राहतात तशा, एकीच्या मागे एक. त्याला फक्त मागे मागे जायचं होतं. पात्यानं त्यानं पहिली शिवण उसवली, गेल्या वर्षीची, स्वतःच्या हातची. मग तिच्या आधीची. मशीनचा दोरा फटाफट तुटत होता. ही एक शिवण वाकडी, कारण बाबा गेले त्या वर्षीची. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि आईला तर कोट वेळेवर हवा. ही एकदम ढळढळीत बाहेर, लग्नानंतरची, सासुरवाडचं तूप अंगी लागलं होतं. आणि ही एकच उलट्या दिशेनं आत आलेली. त्याचा हात थबकला. त्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. महिनाभर अंथरुणात पडून तो वाळून काटकी झाला होता, आणि तशातच बाबांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभं केलं होतं, कारण थंडी तोंडावर आली होती. कोट अंगावर लोंबायला लागला. आईनं कमरेत हात घातला, अख्खी मूठ आत गेली, आणि ती मटकन खाली बसली. "दादाला बरं नाहीये," ती म्हणाली. "कुठं असेल, कोण बघत असेल त्याला!" ती हमसून हमसून रडली, अंगारा मागवला, उपास धरला, सगळं दादासाठी. तो पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत उभा होता, अंगात तो कोट, आणि त्याला म्हणायचं होतं, आई, मी. मी आजारी आहे. हे तो म्हणाला नाही. बाबांनी त्याला हलकेच पलंगावर टेकवलं आणि कोट काढून घेतला.

पट्ट्या निघाल्या. आत बाबांचे टाके लागले, सुती दोऱ्याचे, बारीक, एकसारखे, उसवायला जिवावर येणारे. झाकून राहिलेलं कापड इथं अजून मूळच्या रंगाचं होतं, निळसर झाक असलेलं करडं, नव्यासारखं. तो रंग दिसला आणि दुकान भरून गेलं. दादा उभा होता इथंच, या आरशासमोरच्या लाकडी खोक्यावर, आणि बाबा टाचण्या लावत होते, आणि दादा एक क्षण स्वस्थ उभा राहील तर शपथ. "बाबा, एवढी माया कशाला? मी काय हत्ती होणार आहे?" "हलू नकोस. वर आभाळात हवा खाऊन फुगशील." "बारक्या, फुगलो तर तू मला दोरीनं धरून ठेवशील ना?" आणि तो, गुडघ्याएवढ्या चड्डीतला, मान डोलावत होता. चेहरा आठवेना. चेहऱ्याच्या जागी भिंतीवरचा फोटोच येत होता. पण मान आठवली, मागून, कॉलरच्या वर. न्हाव्यानं नुकत्याच कापलेल्या केसांखालची गोरी पट्टी आणि तिच्यावर वस्तऱ्यानं उठलेली एक लाल पुळी. साबणाचा वास. दादा खोक्यावरून उडी मारून उतरला होता आणि बाबा ओरडले होते, टाचण्या आहेत, गाढवा!

शेवटची ओळ लागली. तिच्यापलीकडे भोकं नव्हती, कोरं कापड होतं. त्यानं दोन्ही बगला त्या ओळीवर जुळवून टाचल्या आणि कोट उभा धरला. केवढासा होता तो. खांदे रुंद, पण खाली कंबर अशी की दोन्ही हातांच्या कवेत सहज यावी. असले कोट तो कॉलेजातल्या मुलांना शिवून द्यायचा. मुलं टेचात यायची, ओठावर कोवळी मिसरूड, आणि तो त्यांना अरे-तुरे करायचा, सरळ उभा राहा रे म्हणून दटावायचा. "हे तर पोर आहे," तो मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या दुकानात ते विचित्र वाटलं. ज्याला जन्मभर दादा म्हटलं, ज्याच्यासारखी अक्कल नाही म्हणून बोलणी खाल्ली, ज्याच्या वाटणीचं पोटसुद्धा स्वतःच्या अंगावर वागवलं, ते एक पोर, गार पडलेलं, तिकडे कुठंतरी फळीवर आडवं. इतका लहान होतास तर मग एवढं ओझं कशाला टाकलंस रे माझ्यावर? तो रागानं विचारत होता, आणि त्याच वेळी त्याला त्या पोराला कशात तरी गुंडाळावंसं वाटत होतं, उचलून उन्हात न्यावंसं वाटत होतं. मशीन त्यानं वापरलं नाही. हातानंच शिवलं, बाबांच्या भोकांत सुई घालून, भोकामागून भोक.

कोट घेऊन तो घरी आला तेव्हा काय बोलायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. ठरवून येणाराही नव्हता तो. खिडकीत उतरतं ऊन होतं. आईनं पावलं ओळखली. "झाला एवढ्यात? बघू." तिनं दोन्ही हात पुढे केले. द्यावा की देऊ नये? अजूनही म्हणता आलं असतं, नाही झाला, उद्या आणतो. दारात बायको येऊन उभी राहिली होती. त्यानं कोट आईच्या मांडीवर ठेवला.

तिची बोटं कॉलरवरून खाली आली, खांद्यावरून, बाहीवरून. बाबांच्या दुकानाची सगळी हातशिलाई तिनं केली होती एके काळी, काजं आणि तुरपाई. तिच्या बोटांना डोळे लागत नव्हते. बोटं बगलेशी आली आणि थांबली. अंगठा शिवणीवरून वर गेला, खाली आला. मग तिनं कोटाच्या आत हात घातला, पट्ट्यांची जागा चाचपली. पट्ट्या नव्हत्या. "थोडा म्हटलं होतं मी," ती म्हणाली. तिचा अंगठा पुन्हा शिवणीवर आला. "ही ह्यांची शिवण आहे. पहिली." बाहेर कुणीतरी मुलांना हाका मारत होतं. आईनं कोट दोन्ही हातांनी कमरेशी धरला, एवढीशी कंबर, आणि तशीच धरून राहिली.

"एवढाच राहिला?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"सापडला?"

"डोंगरात. बर्फात होता. विमान तिथंच पडलं होतं, त्याच दिवशी." शब्द आपोआप येत होते. "पुढच्या आठवड्यात आणतायत. जसाच्या तसा आहे म्हणाले."

तो तिच्याकडे बघत होता. आता काय होतं, आता श्वास अडकतो की काय, मान कलते की काय. बायको पुढे सरकली होती, पाण्याचा पेला घेऊन. आईचा श्वास चालू होता. वर खाली, शालीखाली. तिनं कोट छातीशी घेतला, गोळा करून. रडणं असं आलं नाही. तोंड नुसतं उघडंच राहिलं आणि त्यातून आवाज न करता काहीतरी जात राहिलं, केवढी तरी वर्षं कोंडलेलं. तो तिच्यापुढे जमिनीवर बसला, गुडघे कडाडले.

"कोण घालणार त्याच्या अंगात?" तिनं शेवटी विचारलं.

"मी."

"आण हात."

त्यानं हात दिला. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. बोटांची सुजलेली पेरं, मनगटावरची सैल, सुरकुतलेली कातडी. मग तिचा हात त्याच्या दंडावरून वर चढला, मानेवर आला, गालाच्या लोंबत्या मांसावर, पडलेल्या दाढेच्या खळग्यावर, आणि कपाळावरून मागे, जिथं केस असायला हवे होते तिथं. ती जपून, सावकाश चाचपत होती, नवं कापड हाती आल्यासारखी. कोट तिच्या मांडीवरून घसरून खाली पडला, तिनं तो उचलला नाही.

"बारक्या," ती म्हणाली, "अरे, तो तर पोरच राहिला. मग तू कधी रे म्हातारा झालास? मला कुणी सांगितलं कसं नाही?"